मनातलं दुसऱ्याच्या मनात : यंत्राने किती जमतं?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



सध्या आपल्या फॅमिली ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय : 'शास्त्रज्ञांनी एका मेंदूतला विचार दुसऱ्या मेंदूत पाठवला. म्हणजे मनाने काहीही होतं, आजारी माणसांनी गोळ्या सोडून नुसतं स्मरण करावं.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून आजचा पाठ त्यावर.

प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाठवणारा आपल्या तिरुवनंतपुरमला, घेणारा फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला. कुणाच्याही डोक्याला साधी सुईसुद्धा टोचली नाही. पाठवणाऱ्याला ईईजीची टोपी घातली होती. त्याने हात हलवल्याची नुसती कल्पना केली की कॉम्प्युटर 'एक' धरायचा, पाय हलवल्याची केली की 'शून्य'. हे आकडे इंटरनेटवरून तिकडे गेले. तिथे घेणाऱ्याच्या डोक्याशी मागून चुंबकीय कॉईल धरलेली. तिच्या ठोक्याने, डोळे झाकलेले असूनही, त्याला प्रकाश चमकल्यासारखा दिसे. दिसला तर एक, नाही तर शून्य. तो तसं सांगायचा आणि त्यावरून अक्षरं जुळवायची.

शब्द गेले 'ओला' (टॅक्सीवाली नव्हे!) आणि 'चाओ', स्पॅनिश आणि इटालियन लोकांचा नमस्कार. एका अक्षराला पाच खुणा, मिनिटाला जेमतेम दोन. तेवढ्यात आपण फोनवर अख्ख्या घराची खुशाली विचारून मोकळे होतो. आणि गेलं ते फक्त हो-नाही. माया, काळजी, आठवण यातलं काही नाही. यातून गुरुकृपा सिद्ध झाली असं मला वाटत नाही, तिला असल्या सर्टिफिकेटची गरजही नाही.

मला जास्त भावली ती ईईजीची गोष्ट. जर्मनीचे हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीला उगाच धास्ती वाटली, म्हणून वडिलांनी तार केली. मन मनाला कसं कळवतं याचा त्यांना ध्यासच लागला. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. मनाचा निरोप काही सापडला नाही, पण फिट्सचं निदान करायला आज तोच ईईजी काढतात.

आणि म्हणूनच त्या मेसेजचं शेवटचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जोराच्या फिट्स येऊ शकतात, जिवावरही बेततं. ज्यांच्या घरी कुणाला गोळ्या चालू आहेत त्यांनी स्मरण जरूर करावं, गोळी घेऊन. तो मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका. बाकी प्रश्न गुरुवारच्या अभ्यासवर्गात घेऊ.