अंडी फुटण्यापूर्वी : मक्याच्या शेतातील एक पाठ



कीटकांच्या जीवनक्रमाचा पाठ आपण वर्षानुवर्षे फळ्यावर फुलपाखराचे चित्र काढून शिकवीत आलो आहोत. अंडी, अळी, कोष व फुलपाखरू ही नावे मुले घडाघड म्हणतात. परंतु शाळेच्या कुंपणापलीकडे तोच जीवनक्रम त्यांच्यापैकीच एखाद्याच्या बापाचा मका खात असतो, याची वार्ता वर्गात क्वचितच पोहोचते. हा पाठ शेतात कसा घ्यावा, याविषयी अनुभवाच्या काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

अमेरिकन लष्करी अळी ही मूळची आपल्याकडील नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील ही कीड २०१६ साली आफ्रिकेत आढळली, २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा भागात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातही येऊन पोहोचली. तिचा पतंग रात्रीचा उडणारा असून वाऱ्याबरोबर फार दूरवर जातो. मादी आपल्या आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते. एका पुंजक्यात ती साधारणपणे शंभर ते दोनशे असतात. उबदार हवेत ही अंडी अवघ्या दोन-तीन दिवसांत फुटतात.

या दोन-तीन दिवसांतच सारे मर्म आहे. अंडी पळत नाहीत, लपत नाहीत व खातही नाहीत. एकदा फुटली की बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, रेशमासारख्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या रोपांवर जातात आणि मोठ्या झाल्यावर मक्याच्या पोंग्यात शिरून बसतात. पोंग्याचे तोंड भुशासारख्या विष्ठेने बुजते. मग वरून कितीही फवारले तरी औषध अळीपर्यंत नीट पोहोचत नाही. शेतकऱ्याचा पैसा जातो तो बहुधा या उशिराच्या फवारणीतच.

मका उगवून आठवडा झाला की पाठास आरंभ करावा. इयत्ता पाचवी ते सातवीची मुले घ्यावीत. मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि शेतावर नुकती फवारणी झालेली नाही ना, हे त्यालाच विचारावे. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये. चार-चार मुलांच्या जोडगटांना एकेक ओळ वाटून द्यावी. प्रत्येक रोपाची पाने खालून व वरून पाहावयाची. लष्करी अळीचा अंडीपुंज पांढरट-करड्या, कापसासारख्या लवीने झाकलेला असतो. ही लव मादीच्या अंगावरील असते. ही ओळख प्रथम स्वतः शिक्षकाने पक्की करून घ्यावी.

याविषयी माझीच एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी एका शाळेत मी मुलांना एवढेच सांगितले, "पानावर अंडी दिसली की चिरडा." मुले उत्साहाने कामाला लागली. तासाभराने एका मुलीने मला तर्जनीवर लागलेला पिवळा डाग दाखविला. ती अंडी ढालकिड्याची होती. मावा खाणारा हा शेतकऱ्याचा मित्र. त्याची अंडी पिवळी, उभी व उघडी असतात, त्यांवर लव नसते. किती पुंजके गेले ते मोजण्याचा धीर मला झाला नाही. तेव्हापासून मी "ओळखा, विचारा, मग तोडा" असा क्रम ठेवला आहे. स्पर्धाही लावीत नाही, कारण संख्येच्या हव्यासापोटी ओळख मागे पडते.

फेऱ्या किती घ्याव्यात, हा प्रश्न मुलांनाच घालावा. सोमवारी रात्री घातलेली अंडी गुरुवारपर्यंत फुटू शकतात. मग आठवड्यातून एकदा जाऊन काय उपयोग? दिवसाआड फेरी हवी, असे उत्तर मुले स्वतः काढतात, व हा गणिताचा उत्तम तास होतो. दहा पुंजके व प्रत्येकी दीडशे अंडी, म्हणजे पंधराशे. येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगावी : यांतील सर्वच अळ्या जगल्या नसत्या. मोठ्या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून पोंग्यात बहुधा एखाददुसरीच सापडते.

पुंजका असलेला पानाचा तुकडा कापून घ्यावा. बहुतेक तुकडे साबणाच्या पाण्यात बुडवावेत; दोन-तीन मात्र स्वच्छ काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावावा. अळ्या बाहेर आल्या की त्या त्याच दिवशी साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. काही अंडी मात्र फुटत नाहीत, काळी पडतात. ती फेकू नयेत. सुमारे दहा दिवस वाट पाहिल्यास त्यांतून एक मिलिमीटरहूनही लहान अशा परोपजीवी माश्या निघण्याचा संभव असतो. टेलेनोमस व ट्रायकोग्रामा या जातींच्या माश्या आपली अंडी या अंड्यांतच घालतात. त्या निघाल्या तर मुलांच्या हस्ते त्याच शेतात सोडाव्यात. ट्रायकोग्रामाचे कार्ड शेतकरी विकत घेतो ते कशासाठी, हे त्या दिवशी मुलांना निराळे समजवावे लागत नाही.

पानांवर कागदासारखे पांढरट चट्टे दिसू लागले, तर अंड्यांची वेळ टळली असे समजावे. अशा वेळी ओळ क्रमांक व रोपांची संख्या वहीत लिहून मालकास त्याच सायंकाळी कळवावे, म्हणजे अळ्या लहान आहेत तोवर कृषी खात्याच्या माणसास विचारून त्यास उपाय करता येईल. औषधाला मुलांचा हात लागता कामा नये. परतल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत, आणि वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर न ठेवता वर्गातच खिळ्याला टांगावी. पुढच्या फेरीला ती मुलांनाच लागते.