आगप्रतिबंधक सूचना आणि कर्ता

‘शमन’ म्हणजे शांत करणे, ‘प्रतिबंध’ म्हणजे होऊच न देणे. ‘अग्निशमन दल’ या नावात आग लागल्यानंतरचे काम दिसते. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या नावात आगीपूर्वीची जबाबदारी आहे. कायद्याने ती मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दल धावून गेले, तरी १९१५ सालची ती वास्तू जळाली.

हे शहरातले झाले. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांत ती नाही. म्हणून बिद्रीसारख्या साखर कारखान्याच्या गावी, जेथे वाळलेले पाचट आणि गवताच्या गंजी असतात, तेथे पहिली काही मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात.

आता ही सूचना वाचा : ‘आगीबाबत योग्य ती काळजी घेण्यात यावी.’ काळजी कोणी घ्यावी? कर्ता नाही, म्हणून जबाबदारीही कोणाची नाही. याउलट : ‘शेतकऱ्यांनी पाचट पेटवू नये. आग पाहणाऱ्याने १०१ किंवा ११२ या क्रमांकावर गावाचे नाव आणि जवळची खूण सांगावी.’ क्रियापदे येथेही विध्यर्थीच आहेत. फरक आहे तो उच्चारलेल्या कर्त्याचा.

स्वाध्याय : आपल्या गावातील फलकावरची एक सूचना उतरवून घ्या. तिच्यात कर्ता नसल्यास तो योजून सूचना पुन्हा लिहा.