भंगारातले खुराडे आणि त्यातली हवा

परसात पाच-सहा कोंबड्या पाळणारी घरे खेड्यात पुष्कळ असतात. दिवसभर त्या उकिरड्यावर आणि कुंपणाखाली चरतात, तेव्हा त्यांच्या जागेचा प्रश्न येत नाही. प्रश्न असतो तो रात्रीचा. मांजर, मुंगूस, घूस आणि साप यांच्या भीतीने संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकतात किंवा एखाद्या खोक्यात कोंडतात. खोक्याची फट न् फट गोणपाटाने बुजवली की घरातली माणसे निर्धास्त झोपतात. सकाळी दार उघडताच मात्र नाकाला झोंबणारा उग्र दर्प येतो आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. कोंबड्यांनी रात्रभर श्वासाबरोबर घेतलेला असतो तो हाच.

टाकाऊ सामानातून सहा गावठी कोंबड्यांचे खुराडे कसे करावे, हे या लेखात पाहू. त्यात सुतारकाम थोडेच आहे. हिशेब आहे तो मुख्यतः हवेचा.

कोंबडीला मूत्राशय नसते. तिच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो, तो युरिक आम्लाचा. ओलावा आणि ऊब मिळाली की सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवून प्रयोगशाळेत आपण जो तयार करतो, तोच हा वायू. पाण्यात तो किती झपाट्याने विरघळतो, हे तुम्ही कारंज्याच्या प्रयोगात पाहिले असेल. डोळे, नाक आणि श्वासनलिका यांचे अस्तर नेहमी ओलसर असते. म्हणून तो पहिला मारा तिथेच करतो. श्वासनलिकेतले धूळ बाहेर लोटणारे बारीक केस त्याने निकामी होतात आणि रोगजंतूंची वाट मोकळी होते. दहा लाख भाग हवेत २५ भागांहून अधिक अमोनिया असू नये, असे कुक्कुटपालनात मानतात.

आता पाण्याचा हिशेब करा. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिचा तीनचतुर्थांश भाग पाणीच असते. म्हणजे सहा कोंबड्यांचे निदान अर्धा लिटर पाणी झाले. त्यातले बरेचसे खुराड्यात पडते आणि उच्छ्वासातली वाफ त्यात भर घालते. हे पाणी बाहेर कसे जायचे? हवेबरोबर, दुसरा मार्ग नाही.

बंद खोक्यात उन्हाळ्याचे हाल आणखी निराळे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि त्या बाष्पीभवनाने शरीर थंड करणे हा तिचा मुख्य उपाय. पण भोवतालची हवाच बाष्पाने भरली असेल, तर धापा टाकून काय होणार? थंडीचे भय मात्र आपण उगाच फार बाळगतो. पिसे कोरडी असली आणि अंगावर थेट झोत येत नसला, तर आपल्याकडची थंडी मोठ्या कोंबडीला सहज सोसते. तेव्हा शत्रूला अडवायचे ते जाळीने, हवा बंद करून नव्हे.

सहा फूट लांब, तीन फूट रुंद असे जुने लाकडी दार मिळाले तर निम्मे काम झाले. त्याचा चार फुटांचा तुकडा कापला की १२ चौरस फुटांची जमीन मिळते. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा पुरते. उरलेला दोन फुटांचा तुकडा एका बाजूची भिंत होतो. दुसरी बाजू आणि पाठ यांना फळांच्या खोक्यांच्या फळ्या चालतील. भिंती दोनच फूट उंच ठेवाव्यात. त्यांच्या वर छपरापर्यंत किमान नऊ इंचांचा पट्टा सर्व बाजूंनी जाळीचा असावा. समोरची बाजू छपरापासून खालपर्यंत जाळीचीच करावी आणि जुन्या खिडकीची चौकट बिजागऱ्या लावून दार म्हणून बसवावी. ही बाजू पावसाच्या झडीकडे नको. कोकणात तर ती पश्चिमेला मुळीच करू नये.

षटकोनी भोकांची नेहमीची एक इंची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला किंवा सापाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाहून मोठे भोक नको. बांधकामावरची वाळू चाळायची मोडकी चाळण भंगारात मिळाली तर उत्तम. तारेचे कापलेले तुकडे आणि खिळे मात्र एकूण एक वेचा. कोंबडी चकाकणारी वस्तू टिपते, आणि जस्ताचा मुलामा असलेली तार पोटात गेली तर विषबाधा होते.

खुराडे जमिनीपासून दीड फूट उंच, जुन्या खाटेच्या पायांवर ठेवा. तेलाचा डबा कापून केलेले उपडे नरसाळे प्रत्येक पायाला घातले की घुशीला वर चढता येत नाही. पत्र्याच्या कडा दुमडायला विसरू नका.

भंगारातले सगळेच घेण्याजोगे नसते. कीटकनाशकाचे पिंप कितीही धुतले तरी नको. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याच्या खपल्या कोंबडी खाते आणि ते शिसे अंड्यात उतरते. रंग सुटू लागलेले लाकूड म्हणूनच सोडून द्यावे. सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कापताना किंवा भोके पाडताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन असाध्य रोग होतात. साधा लोखंडी पत्रा बरा. तो मागच्या बाजूला उतरता बसवून कडेने फूटभर बाहेर काढावा, वरून चुन्याची सफेदी द्यावी आणि उन्हाळ्यात त्यावर गवताचा थर घालावा.

बसण्याची दांडी भिंतीला समांतर, जमिनीपासून फूटभर उंच बांधा. कोंबडीला आठ इंच जागा लागते. सहा जणींना ४८ इंच, म्हणजे नेमकी चार फूट लांबीची एक दांडी. एवढ्या उंचीवर बसलेल्या कोंबडीचे डोके जाळीच्या पट्ट्याखाली राहते आणि वारा तिच्या वरून जातो. अंड्यांसाठी दोन खोकी, आत थोडे गवत, एवढे बस्स.

जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून तो रोज हलवावा. वास आला की ओल्या भुशावर चुना टाकण्याची पुष्कळांना सवय असते. वर सांगितलेला नवसागराचा प्रयोग आठवा : अमोनियाच्या क्षारांना चुना भेटला की वायू मोकळा होतो. म्हणून कोंबड्या आत असताना चुना नको. ओला भुसा काढून कोरडा घालावा आणि चुना रिकाम्या खुराड्याच्या सफाईसाठी ठेवावा. काढलेला भुसा शेणखतात टाका. वायुरूपाने उडून न गेलेला नायट्रोजन त्यात असतो.

उत्तम खुराडेही मानमोडीची लस चुकवू देत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, हे लक्षात ठेवा. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कोंबड्या आत सोडण्यापूर्वी, भुसा घालायच्या आधी, रिकाम्या खुराड्यात जमिनीलगत पेटती उदबत्ती धरा. धूर वर चढून जाळीच्या पट्ट्यातून निघून जातो की छपराखाली घोटाळत राहतो, ते पाहा. घोटाळत असेल तर पट्टा रुंद करा. पुढे कोंबड्या राहू लागल्यावर रोज सकाळी उभ्याने वास घेऊ नका. खाली वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन घ्या. मूठभर भुसा दाबून पाहा : गोळा तसाच राहिला तर तो फार ओला, आणि मूठ उघडताच सुटा झाला तर ठीक. वर्गातील दोन मुलांनी महिनाभर या दोन नोंदी वहीत टिपल्या आणि शेजारी पावसाचे दिवस मांडले, तर कोणता भुसा किती दिवसांनी बदलावा हे त्यांच्या गावापुरते त्यांना स्वतःलाच सांगता येईल.