फायबरचं कंत्राट घेताय? रेट सांगायच्या आधी डीबीचा हिशोब करा

परवाच्या व्हिडिओत स्प्लिटर उघडून दाखवला, पण हिशोब घाईत झाला. तो इथे लिहितोय, कारण फायबर जोडणीच्या धंद्यात पैसे बुडतात ते तिथेच.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाने धानोरीत ४८ फ्लॅटच्या सोसायटीचं काम घेतलं. कनेक्शनमागे ठरलेला रेट, आणि वर्षभर तक्रार आली तर दुरुस्ती फुकट. जुलै लागला आणि ओएनटीवर लाल दिवे दिसायला लागले. मला म्हणाला, "सर, मशीनच खराब आलीयेत." मशीन चांगली होती. प्रकाशच पोचत नव्हता.

जीपॉनमध्ये वीज लागते ती ऑपरेटरच्या ओएलटीला आणि घरातल्या ओएनटीला. मधली केबल, स्प्लिटर, कनेक्टर, जॉइंट हे सगळं पॅसिव्ह. बिघडायला सर्किट नाही, पण वाटेत प्रकाश वाढवायचीही सोय नाही. ३ डीबी गेले की प्रकाश निम्मा झाला समजा.

त्याची लाइन बघा. ओएलटीतून निघतात +३ डीबीएम. ४ किलोमीटर केबल, किलोमीटरला ०.३५ धरून १.४ डीबी. १:८ चे दोन स्प्लिटर एकामागे एक, प्रत्येकी १०.५ धरून २१. सहा स्प्लाइस ०.१ ने ०.६. चार कनेक्टर ०.५ ने २. एकूण २५ डीबी. म्हणजे फ्लॅटमध्ये यायला हवेत −२२ डीबीएम. नेहमीच्या क्लास बी प्लस ओएनटीची हद्द −२७. पुढच्या दुरुस्त्यांसाठी ३ डीबी राखून ठेवले तर हातात उरतात फक्त २.

मीटर लावला तर एका फ्लॅटमध्ये −२८!

त्याने स्प्लायसिंग मशीनचं भाडं वाचवायला सगळीकडे फास्ट कनेक्टर लावले होते. त्यात फायबर वितळून जुळत नाही, आत नुसतं टेकतं, मधली फट जेल भरून काढतं. कट तिरका बसला, धूळ गेली किंवा केबल ओढली गेली की एकाच कनेक्टरवर २-३ डीबी उडतात. फायबर १२५ मायक्रॉनची काच (आपल्या वाळूजलाही बनते), आणि प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. धुळीचा एक कणसुद्धा पुरतो.

दोन फ्लॅटमध्ये तर हिरव्या अडॅप्टरमध्ये निळी पॅचकॉर्ड. हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं, निळ्याचं सरळ. बसते बरोबर, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण आत फट राहते.

शेवटी मशीन भाड्यानेच आणून पिगटेल स्प्लाइस केले. फ्यूजन स्प्लाइसमध्ये नुकसान ०.१ च्या आत राहतं. वाचवलेलं भाडं गेलंच, वर सगळे फेरे फुकटात.

सुरुवातीला स्वतःचं स्प्लायसिंग मशीन घेऊ नका. आधी पॉवर मीटर, चांगला क्लीव्हर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. मशीन भाड्याने आणा, एका दिवसात जास्तीत जास्त जॉइंट उरका. फास्ट कनेक्टर रात्रीच्या तातडीपुरता. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

काम सोपवताना प्रत्येक फ्लॅटचं १४९० नॅनोमीटरवरचं रीडिंग, तारीख आणि मीटरचा फोटो वहीत घ्या, ग्राहकाची सही घ्या. ऑगस्टमध्ये −२२ चं −२६ झालं, तर केबल कुणी दारात चेपली की तुमचा जॉइंट गेला, हे शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. त्या मुलाकडे एकही रीडिंग नव्हतं, म्हणून ४८ च्या ४८ घरी जावं लागलं.