गर्भिणीची विषण्णता

गरोदर स्त्री सतत उदास राहू लागली, तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर ‘डोहाळेच ते’ असे म्हणून घरची माणसे गप्प बसतात. परंतु ही अवस्था दोन आठवडे टिकली तर ती विषण्णता, म्हणजे एक व्याधी, असण्याचा संभव असतो.

गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भिणींची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता विषण्ण आढळल्या. त्यांपैकी ७८ टक्के मातांचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगाच हवा हा हट्ट यांचा या व्याधीशी निकटचा संबंध दिसला. विषण्ण मातांची बालके सहाव्या महिन्यात वजनाने व उंचीने मागे पडलेली होती. त्यांच्या बौद्धिक विकासावरही अनिष्ट परिणाम झाला होता.

ही व्याधी बरी होऊ शकते. गोव्यातच प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्त्रियांनी गर्भिणींना भेटून धीर दिला, तेव्हा बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून गर्भिणीचे वजन पाहताना तिच्या मनाचीही विचारपूस व्हावयास हवी.