वाळूच्या चालत्या टेकड्या

राजस्थानच्या पश्चिमेस थरचे वाळवंट पसरलेले आहे. जैसलमेरच्या पलीकडे वर्षाकाठी सरासरी १०० ते २०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. पाऊस नाही म्हणून गवत विरळ, आणि गवत विरळ म्हणून माती धरून ठेवणारी मुळेही थोडी. अशा उघड्या भूमीवर उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला, की तोच तेथला धनी होतो.

वारा वाळू वाहून नेतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु धूळ जशी आकाशात उंच चढते, तशी वाळू चढत नाही. वाळूचा कण जड असतो. वाऱ्याच्या झोताने तो थोडा उसळतो, पुढे जाऊन आदळतो आणि आपल्या आघाताने दुसऱ्या कणांना उडवितो. तापल्या कढईत लाह्या उडाव्यात, तसा हा खेळ चाललेला असतो. बहुतेक वाळू जमिनीपासून हात-दोन हातांच्या आतच धावते. त्यामुळे वाळवंटातील काही खडक पायथ्याशी घासून बारीक होतात व माथ्याशी रुंदच राहतात. त्यांना ‘भूछत्र खडक’ हे नाव मोठे समर्पक मिळाले आहे.

पण वाऱ्याची खरी करामत पाहावी ती टेकड्यांत. वाऱ्याकडील सौम्य उतारावरून कण हळूहळू वर चढतात आणि माथा ओलांडताच पलीकडे घसरतात. हा पलीकडचा उतार सुमारे ३४ अंशांचा असतो. याहून उभा उतार सुकी वाळू धरीतच नाही. मागची वाळू अशी सतत पुढे पडत राहिल्याने सबंध टेकडीच पुढे सरकते. कडेची ठेंगणी टोके मध्यभागाहून लवकर चालतात व टेकडीला चंद्रकोरीचा आकार येतो. हिला ‘बारखाण’ म्हणतात.

थरमध्ये मात्र याच्या अगदी उलट आकाराच्या टेकड्या विपुल आहेत. त्यांचे पोट पुढे गेलेले असते आणि दोन्ही टोके वाऱ्याच्या बाजूस मागे राहिलेली असतात. असे का व्हावे? टेकडीच्या कडांवर फोग नावाचे झुडूप वाढते. त्याची मुळे वाळूत दूरवर पसरतात व टोकांना जागीच बांधून ठेवतात; मधली मोकळी वाळू तेवढी पुढे निघून जाते. एवढ्या मोठ्या टेकडीचा आकार एका काटकुळ्या झुडपाने पालटावा, हे नवल नव्हे काय?

तेथील लोक हेच फोग सरपणासाठी मुळासकट खणून काढीत आले आहेत. झुडूप गेले, की निजलेली टेकडी पुन्हा चालू लागते आणि वाटेतले शेत, विहीर, रस्ता गिळून टाकते. या संकटावर उपाय शोधण्यासाठी १९५२ साली जोधपूर येथे वाळवंट-वनीकरणाचे केंद्र उघडले; १९५९ साली त्याचे केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत रूपांतर झाले. तेथील शास्त्रज्ञांची रीत साधी आहे. वाऱ्याला आडव्या अशा काटक्याकुटक्यांच्या ओळी टेकडीवर रोवावयाच्या, त्यांच्या आडोशाने बाभूळ व फोग यांची रोपे लावावयाची आणि सेवण गवताचे बी पेरावयाचे. मुळे धरेपर्यंत तेथे जनावरे मात्र सोडावयाची नाहीत. गावकऱ्यांना हीच अट सर्वांत जड जाते. कारण दुष्काळात शेळीच त्यांचे घर चालविते.