फाइलींचा रुमाल : 'एआर' या आज्ञेची ओळख



जुन्या मराठी दफ्तरात कागद ठेवण्याची एक रीत होती. एका विषयाचे कागद एकत्र करून ते कापडात बांधत. या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद असेच रुमालांत बांधलेले आहेत. रुमालात कागद बारीक होत नाही, त्याचा मजकूरही बदलत नाही. तो फक्त आपल्या सोबत्यांबरोबर एका गाठीत राहतो, आणि वर यादी असली की हवा तो कागद लवकर सापडतो.

संगणकात हेच काम करणारी एक छोटी आज्ञा आहे. तिचे नाव 'एआर'. 'आर्काइव्ह' या शब्दाची ही पहिली दोन अक्षरे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली तयार केली. तिच्या 1971 सालच्या पहिल्या आवृत्तीतही ही आज्ञा होती. आज लिनक्सवर आपण वापरतो ती 'एआर' जीएनयू प्रकल्पाच्या 'बिनयुटिल्स' या संचातली आहे. अर्धशतक उलटले, तरी तिचे काम तेच आहे.

तुम्ही विचाराल, आम्ही तर शाळेत पायथन शिकतो, मग याचा काय उपयोग? पायथनचा सर्वात प्रचलित इंटरप्रिटर स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे. तो मूळ सी फाइलींपासून तयार करताना त्याच्या भागांचा संग्रह याच आज्ञेने बांधला जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानेही पाया एकदा पाहून ठेवावा.

एक सूचना आधीच देतो. या पाठातील आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. 'एआर' म्हणजे ए आणि आर ही दोनच अक्षरे. 'श्रेणी.सी' म्हणजे श्रेणी हा शब्द रोमनमध्ये, मग टिंब, मग सी हे अक्षर. जेथे मोठे अक्षर लागेल तेथे तसे लिहिले आहे.

१. सी फाइलपासून संग्रहापर्यंत

समजा, आपल्याला परीक्षेचा निकाल लावणारी आज्ञावली करायची आहे. वर्गातील तीन विद्यार्थ्यांनी काम वाटून घेतले. एकाने सरासरी काढण्याचे फंक्शन लिहिले, दुसऱ्याने टक्केवारीचे, तिसऱ्याने श्रेणी ठरविण्याचे. तीन फाइली झाल्या : सरासरी.सी, टक्के.सी आणि श्रेणी.सी. आता कंपायलरला सांगू :

जीसीसी -सी सरासरी.सी टक्के.सी श्रेणी.सी

'-सी' याचा अर्थ : फक्त भाषांतर कर, जोडणी करू नकोस. यातून सरासरी.ओ, टक्के.ओ, श्रेणी.ओ अशा तीन ऑब्जेक्ट फाइली मिळतात. यांत यंत्रभाषेतील मजकूर असतो, पण त्या स्वतः चालू शकत नाहीत. आता त्यांचा रुमाल बांधू :

एआर आरसीएस लिबनिकाल.ए सरासरी.ओ टक्के.ओ श्रेणी.ओ

झाला आपला संग्रह. यालाच 'स्टॅटिक लायब्ररी' म्हणतात. नावाच्या आरंभी 'लिब' आणि शेवटी '.ए' लावण्याची प्रथा आहे. ती पाळावी, कारण लिंकरला फक्त लायब्ररीचे नाव सांगून शोधायला लावले, तर तो याच प्रथेप्रमाणे शोधतो.

'आरसीएस' ही तीन अक्षरे पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. आर म्हणजे रिप्लेस : फाइल संग्रहात घाल, त्या नावाची आधीच असेल तर जुनी काढून नवी ठेव. सी म्हणजे क्रिएट : संग्रह अस्तित्वात नसेल तर सूचना न देता नवा कर. एस म्हणजे संग्रहाच्या आरंभी फंक्शनांची सूची तयार कर. ही सूची म्हणजे रुमालावरची यादी. कोणते फंक्शन कोणत्या फाइलीत आहे हे लिंकर तीत पाहतो. पूर्वी हे काम 'रॅनलिब' नावाची वेगळी आज्ञा करीत असे. ती 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली आणि अजूनही उपलब्ध आहे.

२. नेहमी लागणारी इतर अक्षरे

टी : संग्रहातील फाइलींची नावे दाखवतो. 'एआर टी लिबनिकाल.ए' असे दिल्यास तीन नावे दिसतील.
एक्स : फाइल बाहेर काढतो. संग्रहातील प्रत तशीच राहते. मात्र त्याच नावाची फाइल आपल्या फोल्डरमध्ये असेल तर ती न विचारता पुसली जाऊन तिच्या जागी ही येते. म्हणून फाइली रिकाम्या फोल्डरमध्ये काढाव्यात.
डी : संग्रहातून फाइल काढून टाकतो.
पी : फाइलीचा मजकूर थेट पुढे पाठवतो.
क्यू : शेवटी जोडतो, जुनी आहे की नाही ते पाहत नाही. त्यामुळे एकच नाव दोनदा येऊ शकते. नवशिक्याने आर वापरावा.
व्ही : काय चालले आहे ते सविस्तर सांगतो. तो दुसऱ्या अक्षराबरोबर वापरतात.

'एआर टीव्ही लिबनिकाल.ए' देऊन पाहा. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत प्रत्येक फाइलीसमोर 1 जानेवारी 1970 ही तारीख दिसेल. संगणक भारतीय वेळेवर लावलेला असेल तर वेळ पहाटे 5:30 दिसेल. संगणक बिघडला असे समजू नका. युनिक्समध्ये काळाची मोजणी 1 जानेवारी 1970 च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून होते, आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजले होते. 'एआर' मुद्दामच वेळेच्या जागी शून्य लिहिते, म्हणजे त्याच फाइलींपासून दोघांनी वेगवेगळ्या दिवशी बांधलेले संग्रह अक्षरशः सारखे निघतात व त्यांची पडताळणी करता येते. खरी वेळ हवी असेल तर बांधताना मोठे यू हे अक्षरही द्यावे लागते.

३. लिंकर संग्रहातून काय उचलतो?

मुख्य.सी या फाइलीत टक्के आणि श्रेणी ही दोन फंक्शने वापरली आहेत असे धरा. तिचे मुख्य.ओ करून जोडणी करू :

जीसीसी मुख्य.ओ लिबनिकाल.ए -ओ गुणपत्रक

लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. मुख्य.ओ वाचल्यावर तो टिपून ठेवतो की टक्के आणि श्रेणी यांचा पत्ता अजून लागलेला नाही. मग संग्रहाच्या सूचीत पाहून तो टक्के.ओ आणि श्रेणी.ओ यांची प्रत घेतो. सरासरी.ओ कोणी मागितलेली नाही, म्हणून ती गुणपत्रकात येतच नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंकर सुटे फंक्शन उचलत नाही, पूर्ण ऑब्जेक्ट फाइल उचलतो. तिन्ही फंक्शने एकाच फाइलीत लिहिली असती तर तिन्ही आली असती. म्हणून संग्रहासाठी लिहिताना वेगवेगळी कामे वेगवेगळ्या फाइलींत ठेवतात.

आता क्रम उलटा करा. आधी लिबनिकाल.ए आणि नंतर मुख्य.ओ लिहा. लिंकर संग्रहापाशी आला तेव्हा कोणाचीच मागणी नव्हती, म्हणून त्याने काही घेतले नाही. नंतर मुख्य.ओ ने मागणी केली, पण संग्रह मागे राहिला. जीएनयूचा लिंकर तेव्हा 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी तक्रार करतो. विद्यार्थी मग श्रेणी.सी मध्ये चूक शोधत बसतो. चूक तेथे नसतेच, ती क्रमात असते. नियम सोपा आहे : मागणारा आधी, देणारा नंतर.

४. दुरुस्ती केली, पण पोहोचली का?

या पाठातील सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे. मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत विषयात उत्तीर्ण होण्यास 33 टक्के गुण लागतात. श्रेणी.सी लिहिणाऱ्याने चुकून '33 पेक्षा जास्त' अशी अट लिहिली. ज्याला बरोबर 33 गुण मिळाले तो अनुत्तीर्ण दाखवला गेला. चूक लक्षात आली, फाइलीत '33 किंवा त्याहून जास्त' अशी दुरुस्ती झाली, फाइल जतन केली. पुन्हा गुणपत्रक चालवले. तो मुलगा अजूनही अनुत्तीर्णच!

असे का होते? कारण मूळ फाइल आणि चालणारी आज्ञावली यांच्यामध्ये तीन टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर मागच्याची प्रत काढलेली आहे. मूळ फाइल बदलली म्हणून प्रती आपोआप बदलत नाहीत. दुरुस्ती पुढे न्यायची तर तिन्ही पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात :

(अ) जीसीसी -सी श्रेणी.सी
(आ) एआर आरसीएस लिबनिकाल.ए श्रेणी.ओ
(इ) जीसीसी मुख्य.ओ लिबनिकाल.ए -ओ गुणपत्रक

दुसऱ्या पायरीत फक्त बदललेली फाइल दिली आहे हे पाहा. बाकीच्या दोन संग्रहात जशाच्या तशा राहतात. तिसरी पायरी सर्वात जास्त विसरली जाते. गुणपत्रकाच्या पोटात श्रेणी.ओ ची स्वतंत्र प्रत आहे. खात्री करायची असेल तर लिबनिकाल.ए दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि गुणपत्रक चालवा. ते बिनतक्रार चालेल. म्हणजेच त्याला आता संग्रहाची गरज नाही, आणि म्हणूनच संग्रहातील दुरुस्ती त्याला कळतही नाही. हा संग्रह दहा आज्ञावल्यांत वापरला असेल तर दहाही पुन्हा जोडाव्या लागतील.

संग्रहात नवी प्रत गेली की नाही हे पडताळण्याची एक चांगली रीत आहे :

एआर पी लिबनिकाल.ए श्रेणी.ओ | सीएमपी - श्रेणी.ओ

उभ्या रेघेच्या डावीकडची आज्ञा संग्रहातील प्रत बाहेर पाठवते, उजवीकडची ती फोल्डरमधील फाइलीशी ताडून पाहते. दोन्ही सारख्या असतील तर पडद्यावर काहीच येत नाही. येथे मौन म्हणजे होकार.

आणखी एक सावधगिरी. संग्रह फाइलीचे फक्त नाव ठेवतो, ती कोणत्या फोल्डरमधून आली हे नाही. दोन मुलांनी वेगवेगळ्या फोल्डरांत श्रेणी.ओ नावाच्या दोन वेगळ्या फाइली केल्या आणि एकामागून एक संग्रहात घातल्या, तर दुसरी पहिलीला काढून टाकील, आणि कोणतीही सूचना येणार नाही. गटात काम करताना नावे आधी ठरवून घ्या.

तीन पायऱ्या हाताने करणे कंटाळवाणे वाटेल. त्यासाठी 'मेक' नावाचे साधन आहे. बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते 1976 साली तयार केले. फाइलींच्या वेळा पाहून कोणती पायरी पुन्हा करायची हे ते ठरवते. परंतु काय कशावर अवलंबून आहे हे त्याला आपणच लिहून द्यायचे असते. म्हणून आधी दोन-चार वेळा हाताने करा, मग मेक वापरा.

५. गाठोड्याच्या आत

संग्रहाची रचना इतकी सरळ आहे की ती कागदावर काढता येते. पहिल्या 8 बाइटांत ओळखचिन्ह असते : उद्गारचिन्ह, कोनकंसात 'आर्च' हा शब्द, आणि ओळ संपल्याची खूण. पुढे प्रत्येक फाइलीआधी 60 बाइटांची पट्टी असते. त्यात नावासाठी 16, वेळेसाठी 12, मालकासाठी 6, गटासाठी 6, परवानगीसाठी 8, आकारासाठी 10 आणि शेवटच्या खुणेसाठी 2 बाइट राखलेले असतात. बेरीज करून पाहा. त्यानंतर फाइलीचा मजकूर जसाच्या तसा येतो. तो विषम संख्येचा असेल तर एक बाइट भरीचा घालून सम करतात. मजकूर दाबून लहान करणे हे 'एआर'चे कामच नाही.

हीच रचना आणखी एका ठिकाणी वापरलेली आहे. डेबियन लिनक्सचे '.डेब' पॅकेज हा 'एआर'चाच संग्रह असतो. सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. कोणतेही .डेब पॅकेज घेऊन 'एआर टी' चालवा. पहिले नाव 'डेबियन-बायनरी' असे दिसेल, मग 'कंट्रोल' आणि 'डेटा' या शब्दांनी सुरू होणारी दोन नावे. गाठ उघडता आली की आत काय आहे याची भीती राहत नाही.

स्वाध्याय

१. वरील तीन फाइली लिहून संग्रह बांधा. 'एआर टी' चे उत्तर प्रायोगिक वहीत उतरवा.
२. जोडणीच्या आज्ञेत संग्रह आधी लिहून काय तक्रार येते ते पाहा. कारण दोन वाक्यांत लिहा.
३. अटीत 33 च्या ठिकाणी मुद्दाम चूक करा, मग दुरुस्त करा. (अ), (आ), (इ) पैकी एकेक पायरी गाळून निकाल पाहा. दुरुस्ती कोठे अडकली ते दर वेळी ओळखा.
४. सूची नसलेल्या एका संग्रहात 1240, 1301 आणि 1496 बाइटांच्या तीन फाइली आहेत. नावे लहान आहेत. संग्रहाचा एकूण आकार किती? (उत्तर : 4226 बाइट. कसे आले ते मांडून दाखवा.)

तिसरा प्रश्न कोणीही सोडू नये. निकाल बरोबर लागला असे म्हणण्याआधी दुरुस्ती शेवटच्या प्रतीपर्यंत पोहोचली हे पाहण्याची सवय लागावी, यासाठीच तो दिला आहे.